मातीच्या पोटात : कांद्याच्या मुळाशी कोण?

दोस्तांनो, आजची सुरुवात एका कोड्यानं करू या.

भोसरीपासून चाकणपर्यंत कारखानेच कारखाने. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. सकाळ-संध्याकाळ कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग. पण याच पट्ट्यात एक कामगार असा आहे, की तो चोवीस तास कामावर असतो. त्याच्या गळ्यात ओळखपत्र नाही, त्याला साप्ताहिक सुट्टी नाही, दिवाळीचा बोनस नाही. पगार म्हणून तो फक्त साखर आणि थोडं तेल घेतो. आणि तो एकटा आहे की हजारोंनी आहे, यावर मोठमोठ्या शास्त्रज्ञांची वर्षानुवर्षं भांडणं झाली!

ओळखलंत? नाही ना? हरकत नाही. तो कुठल्याही कारखान्यात सापडणार नाही. तो आहे कारखान्यांच्या मधल्या कांद्याच्या वाफ्यात, कांद्याच्या मुळांच्या आत. तो आहे एक बुरशी.

शीः! बुरशी? थांबा, नाक मुरडू नका. शिळ्या भाकरीवरची बुरशी आणि ही बुरशी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि बुरशीला नावं ठेवण्याचा हक्क पिंपरीकरांना तर मुळीच नाही. का ते आधी सांगतो.

पिंपरीची बुरशी

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला मदत केली होती. आपल्याकडे पेनिसिलिन तयार व्हायला लागलं ते इथं. पेनिसिलिन कोण बनवतं? पेनिसिलियम नावाची बुरशी. म्हणजे मोटारींच्याही आधी पिंपरी गाजली ती बुरशीमुळे, बरं का!

आता गंमत बघा. अलेक्झांडर फ्लेमिंगना १९२८ साली लंडनमध्ये जी बुरशी सापडली, ती पेनिसिलिन अगदी थेंबभर द्यायची. मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जगभर चांगल्या बुरशीचा शोध सुरू झाला. १९४३ साली अमेरिकेतल्या पिओरिया गावात एका सडलेल्या खरबुजावर एक वाण सापडला. तो फ्लेमिंगच्या बुरशीपेक्षा कितीतरी जास्त पेनिसिलिन द्यायचा. नुसतं बघून दोघींत फारसा फरक कळला नसता. घराणं एकच, तोंडवळा तोच. फरक होता तो आतल्या जनुकांत.

जनुकं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असेलच. माणूस, झाडं, बुरशी यांच्या पेशीत केंद्रक असतं आणि केंद्रकात त्या सजीवाच्या बांधणीच्या सूचना लिहिलेल्या असतात. त्या सूचना म्हणजे जनुकं. एकाच आईची दोन मुलं सारखी नसतात, एक गाण्यात पुढे तर दुसरा पळण्यात. तसंच एकाच जातीच्या दोन बुरश्याही सारख्या नसतात. पेनिसिलिनच्या कारखान्याचं सगळं गणित या फरकावर उभं असतं.

पिंपरीची आणखी एक आठवण जाता जाता सांगतो. याच कारखान्यात डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास 'हामायसिन' नावाचं औषध शोधलं. ते देणाऱ्या मातीतल्या जीवाणूला नाव दिलं 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. आपल्या पिंपरीचं नाव एका जीवाणूला! आणि हे औषध कशावर, तर बुरशीमुळे होणाऱ्या रोगांवर. म्हणजे एका हातानं बुरशी पाळायची आणि दुसऱ्या हातानं बुरशी मारायची!

आता पिंपरीहून चाकणला जाऊ या.

कांद्याची अडचण

चाकणचा कांदा बाजार तुम्हाला माहीत असेल. हंगामात गोण्यांनी भरलेल्या गाड्यांची तिथं रीघ लागते. चाकणहून नाशिक रस्त्यानं थोडं पुढे गेलं की राजगुरुनगर. तिथं कांदा आणि लसूण यांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. ही संस्था १९९४ साली नाशिकला सुरू झाली आणि १९९८ साली राजगुरुनगरला आली. शेजारून भीमा नदी वाहते, म्हणून इथं तयार झालेल्या कांद्याच्या जातींची नावंसुद्धा 'भीमा शक्ती', 'भीमा किरण', 'भीमा सुपर', 'भीमा शुभ्रा' अशी. पाहा, कांद्यातही एक घराणं आणि अनेक भावंडं!

पण कांदा हे मोठं आळशी पीक आहे. निदान मुळांच्या बाबतीत तरी. कांद्याचं रोप उपटून बघा. पांढऱ्या जाडसर दोऱ्यांचा एक झुपका दिसेल. त्या दोऱ्यांना फारशा फांद्या नाहीत. गव्हाच्या किंवा गवताच्या मुळांवर बारीक केसांची दाट लव असते, ती कांद्याच्या मुळांवर जवळपास नसतेच. वर ही मुळं खोलही जात नाहीत. वरच्या वीतभर मातीतच त्यांचा सगळा संसार.

आता अडचण अशी, की रोपाला लागतं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. नत्र पाण्यात सहज विरघळतं आणि पाण्याबरोबर मुळापाशी येतं. स्फुरद मात्र मातीच्या कणांना चिकटून बसतं. आपल्या काळ्या जमिनीत चुना भरपूर. तो स्फुरदाला धरून ठेवतो, सोडता सोडत नाही. त्यामुळे मुळाच्या अगदी लगतचं एखाद-दोन मिलिमीटरमधलं स्फुरद संपलं की मूळ उपाशी! पलीकडे ताट वाढलेलं आहे, पण हात पोचत नाही.

तिथं आपला कामगार मदतीला येतो. ही बुरशी मुळाच्या आत शिरते आणि तिचे तंतू बाहेर मातीत पसरतात. हे तंतू तुमच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके बारीक. जिथं मूळ शिरू शकत नाही, त्या मातीच्या फटीत ते सहज शिरतात. चमचाभर चांगल्या मातीत असे कित्येक मीटर तंतू असतात! ते स्फुरद गोळा करतात आणि मुळाच्या पेशीत नेऊन पोचवतात. पेशीत गेल्यावर तंतूला इतक्या बारीक फांद्या फुटतात, की सूक्ष्मदर्शकाखाली एक इवलंसं झाड दिसतं. या झाडावर देवाणघेवाण चालते. हे झाड काही दिवसच जगतं, मग विरघळून जातं. मग नवं झाड, पुन्हा बाजार सुरू.

बदल्यात कांदा काय देतो? पानांनी उन्हात बनवलेली साखर. आणि तेलासारखे स्निग्ध पदार्थ. गंमत म्हणजे स्निग्ध पदार्थांचे काही मूळ घटक या बुरशीला स्वतः बनवताच येत नाहीत. ते तिला वनस्पतीकडून मिळतात, हे २०१७ साली नक्की झालं. म्हणजे वनस्पती नसेल तर ही बुरशी वाढूच शकत नाही. भाडं थकलं की घर बंद!

मूळ आणि बुरशीच्या या भागीदारीला मायकोरायझा म्हणतात. ग्रीक भाषेत 'मायको' म्हणजे बुरशी आणि 'रायझा' म्हणजे मूळ. हे नाव १८८५ साली जर्मनीतल्या ए. बी. फ्रांक यांनी जंगली झाडांच्या मुळांवरून दिलं. कांद्यात राहते त्या प्रकारच्या बुरशीवर पुढे इंग्लंडमध्ये बार्बरा मॉस या बाईंनी १९५० नंतरच्या दशकांत पायाभूत काम केलं. १९७०च्या सुमारास लीड्स विद्यापीठातल्या सँडर्स आणि टिंकर या दोघांनी स्फुरद मुळात किती वेगानं शिरतं ते मोजलं. बुरशी असलेल्या मुळात ते कित्येक पट वेगानं शिरत होतं. आणि त्यांनी प्रयोगाला कुठली वनस्पती निवडली होती? कांदा! आळशी मुळं असलेला आपला कांदाच या कामाला सगळ्यात सोयीचा.

ही भागीदारी काही कालची नाही. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या खडकात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती दगड होऊन राहिल्या आहेत. त्यांच्या पेशींतसुद्धा ती इवली झाडं दिसतात. तेव्हा वनस्पतींना धड मुळंही नव्हती. म्हणजे मुळं आली नंतर, बुरशी आली आधी! आजही जमिनीवरच्या दर चार वनस्पतींतल्या साधारण तीन या बुरशीशी भागीदारी करतात. ज्वारी, बाजरी, ऊस, हरभरा, आंबा, हरळी, सगळे. न करणाऱ्यांत मुख्य म्हणजे कोबी, मोहरी, मुळा यांचं कुटुंब. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

भिंती नसलेलं घर

आता येऊ मुख्य मुद्द्यावर. बहुतेक सजीवांचं शरीर म्हणजे चाळ असते. प्रत्येक खोलीत, म्हणजे पेशीत, एक बिऱ्हाड, म्हणजे एक केंद्रक. खोली संपली की भिंत.

या बुरशीच्या तंतूत भिंतीच नसतात! तो म्हणजे एक लांबच लांब मांडव. त्या मांडवात हजारो केंद्रकं मोकळी फिरतात. कधी या टोकाकडे, कधी त्या टोकाकडे. बुरशी बीजाणू तयार करते, तेव्हा एका बीजाणूतही शेकडो केंद्रकं शिरतात. काही जातींत तर हजारोंनी. आपली सुरुवात आईच्या पोटात एका पेशीपासून, एका केंद्रकापासून झाली. या बुरशीच्या आयुष्यात मात्र 'एकच केंद्रक' अशी पायरी आजवर कुणाला दिसलेली नाही. घोळक्यातून घोळका जन्मतो.

एवढंच नाही. एकाच जातीच्या दोन बुरश्यांचे तंतू मातीत एकमेकांना भेटले आणि ते एकमेकांना पुरेसे जवळचे असले, तर ते जोडले जातात. दोन मांडवांचा एक मांडव होतो आणि इकडची केंद्रकं तिकडे जाऊ शकतात.

मग प्रश्न पडतो : या मांडवातली सगळी केंद्रकं सारखीच असतात, की वेगवेगळी?

शास्त्रज्ञांचं भांडण

२००१ साली स्वित्झर्लंडमधल्या इयान सँडर्स (हे सँडर्स वेगळे बरं का!) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरावे मांडले, की एकाच बुरशीतली केंद्रकं वेगवेगळी असतात. म्हणजे एका शरीरात अनेकांची वस्ती. जगभर खळबळ माजली. २००४ साली अमेरिकेतल्या तेरेसा पावलोव्स्का आणि जॉन टेलर यांनी उलट सांगितलं. छे, केंद्रकं सगळी सारखीच. जो वेगळेपणा दिसतो, तो प्रत्येक केंद्रकाच्या आतच आहे. म्हणजे एक म्हणे, 'वर्गात वेगवेगळी मुलं आहेत.' दुसरा म्हणे, 'मुलं सारखीच, प्रत्येकाच्या दप्तरात वेगवेगळी पुस्तकं आहेत.'

दोघंही हुशार, दोघांकडेही पुरावे. मग खरं कोण? विज्ञानात अशा वेळी आवाज चढवून चालत नाही, हत्यार सुधारावं लागतं. जनुकं वाचण्याची यंत्रं सुधारली. २०१३ साली या गटातल्या 'रायझोफॅगस इर्रेग्युलॅरिस' नावाच्या बुरशीचा अख्खा जनुकसंच वाचून झाला. त्यात निघाली पंचवीस हजारांहून जास्त जनुकं. प्रथिनं बनवणारी माणसाची जनुकं वीस हजारांच्या आसपास. कांद्याच्या मुळातल्या बुरशीनं आपल्याला मागं टाकलं!

मग २०१६ साली कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाच्या निकोला कोरादी यांच्या गटानं या बुरशीचे वेगवेगळे वाण तपासले. त्यांना काय दिसलं? काही वाणांत सगळी केंद्रकं जवळजवळ सारखी. काही वाणांत मात्र केंद्रकं दोन प्रकारची. हजारो प्रकारची नाहीत आणि सगळीकडे एकाच प्रकारचीही नाहीत. भांडणाचा निकाल असा मधे कुठेतरी लागला. दोन्ही बाजूंना थोडं थोडं सोडावं लागलं आणि ज्ञान मात्र पुढे सरकलं.

२०२१ साली तर त्याहून मजेशीर गोष्ट कळली. दोन प्रकारची केंद्रकं असलेला वाण वेगवेगळ्या वनस्पतींवर वाढवला, तर त्या दोन प्रकारांचं प्रमाण बदलतं! एका वनस्पतीबरोबर या प्रकाराची संख्या जास्त, दुसरीबरोबर त्या प्रकाराची. म्हणजे घरमालक बदलला की भाडेकरूच्या आतली माणसं कमी-जास्त होतात.

भावंडं सारखी नसतात

तुम्ही म्हणाल, 'काका, केंद्रकं एक प्रकारची असोत की दोन, शेतकऱ्याला काय त्याचं?'

फार फरक पडतो. असं समजा, डब्यात चिवडा आहे. पोहे आणि शेंगदाणे. तुम्ही मूठ भरली तर चार शेंगदाणे आले, ताईनं भरली तर पंधरा आले. डबा एकच, मुठी वेगळ्या. बुरशी बीजाणू बनवते तेव्हाही असंच होतं. कुठल्या बीजाणूत कुठली केंद्रकं किती जातील, ते सारखं नसतं.

इयान सँडर्स यांच्याच प्रयोगशाळेत हे करून पाहिलं गेलं. एका बुरशीचे बीजाणू सुटे सुटे केले, एकेका बीजाणूपासून नवी बुरशी वाढवली आणि ती भाताच्या रोपांना दिली. २०१० साली निकाल छापून आला. एकाच बुरशीच्या पिलावळीत काहींबरोबर भात पाचपटीपर्यंत जास्त वाढला! हे काचघरातलं होतं, उघड्या शेतातलं नव्हतं, हे विसरू नका. पण फरक केवढा, ते पाहा. त्याआधी त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या एकाच शेतातून एकाच जातीच्या अनेक बुरश्या गोळा केल्या होत्या. त्याही जनुकांनी वेगळ्या निघाल्या आणि रोपांवरचा त्यांचा परिणामही वेगवेगळा निघाला. एका शेतात, एका जातीत!

सगळ्या बुरश्या काही गुणी नसतात, हेही सांगायला हवं. काही साखर भरपूर खातात आणि स्फुरद देताना हात आखडतात. पण झाडही काही भोळं नाही. २०११ साली टोबी किअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की जी बुरशी जास्त स्फुरद आणून देते तिला मूळ जास्त साखर देतं. आणि बुरशीही जास्त साखर देणाऱ्या मुळाकडे जास्त स्फुरद पोचवते. मंडईतल्यासारखा चोख हिशेब. आणि शेतात स्फुरदाचं खत गरजेपेक्षा जास्त ओतलं तर? मग मुळाला बुरशीची गरजच राहत नाही. ते तिला घरात घेणं कमी करतं. कामगार बेकार!

चाकणच्या मातीचं काय?

आता आपल्या गावाकडे परत या. एखाद्या शेतात कारखाना उभा राहायचा असतो तेव्हा सगळ्यात आधी काय होतं? जेसीबी येतो. वरची माती खरवडून एका बाजूला ढीग लावतो. मग खाली मुरूम टाकतात, रोलर फिरवतात. आपण म्हणतो, 'माती काय, माती तर सगळीकडे आहे.'

पण आता तुम्हाला ठाऊक झालं, की ती वरची वीतभर माती नुसती माती नव्हती. त्यात तंतूंचं जाळं होतं. त्या जाळ्यात तिथल्या उन्हाची, तिथल्या चुन्याची, तिथल्या कांद्या-बाजरीची सवय झालेले वाण असणार. ढिगात ती माती महिनोन्‌महिने पडून राहिली, वर हिरवं काही उगवलं नाही, की बुरशीला साखर मिळत नाही. काही बीजाणू तग धरतात, पण जसजसे महिने जातात तसतशी ही शिल्लक आटत जाते. मग तीच माती पुढे बागेत पसरली, तरी ती आधीसारखी राहत नाही.

कारखाने नकोत असं मी म्हणत नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आई-बाबा तिथंच कामाला आहेत. घर त्यावरच चालतं. पण एक साधी गोष्ट करता येते. वरची माती वेगळी काढायची, ती ढिगात कुजवत न ठेवता लवकर कामी आणायची, आणि ठेवावीच लागली तर ढीग कमी उंचीचा करून त्यावर गवत किंवा ताग वाढू द्यायचा. म्हणजे कामगाराचा पगार चालू राहतो.

उजाड जागा पुन्हा हिरवी करता येते का? येते. नागपूरच्या 'नीरी' संस्थेनं ते करून दाखवलं आहे. विदर्भात मँगनीज आणि कोळशाच्या खाणींतून निघालेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यांवर काही उगवत नव्हतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्यातला प्रेसमड, नत्र धरणारे जीवाणू आणि ही बुरशी यांची जोड देऊन झाडं लावली, आणि ढिगारे हिरवे झाले. गोव्यात लोहखनिजाच्या खाणी आहेत. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. बी. एफ. रॉड्रिग्ज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या मातीतल्या या बुरश्यांचा अभ्यास केला आणि त्यांचा जिवंत संग्रहही जमवला. वस्तुसंग्रहालयात जुनी नाणी ठेवतात, तसा हा बुरश्यांचा खजिना. फक्त तो जिवंत ठेवायला कुंड्यांत झाडं वाढवत राहावं लागतं.

शेतीच्या दुकानात हल्ली मायकोरायझाची पाकिटंही मिळतात. ती चांगली की वाईट? याचं एका शब्दात उत्तर नाही. पाकिटातला वाण जिवंत आहे का, तो आपल्या मातीत टिकेल का, आपल्या पिकाशी त्याचं जमेल का, यावर सगळं अवलंबून. आणि शेतात आधीपासून जे वाण आहेत त्यांना तो हुसकावून तर लावणार नाही ना, हाही प्रश्न शास्त्रज्ञांना पडलेला आहे. आजी गाडग्यामडक्यांत राखेत घोळवून गावठी बियाणं जपायची ना? तसे मातीतले गावठी वाणही जपायला हवेत. ते डोळ्यांना दिसत नाहीत, एवढाच फरक. आणि जे दिसत नाही, ते गेलं तरी कळत नाही.

करून पाहा

लागणारं साहित्य : सारख्या आकाराच्या सहा कुंड्या (किंवा तळाला भोकं पाडलेले डबे), माती, कांद्याचं बी, मुळ्याचं बी, फूटपट्टी आणि वही.

१. कुंड्यांपुरती माती ओलसर करून जुन्या पातेल्यात झाकण ठेवून तासभर वाफवा. हे काम घरच्या मोठ्या माणसाबरोबरच करायचं. माती गार करून आठवडाभर उघडी ठेवा. मग ती सहा कुंड्यांत सारखी भरा.

२. शेताच्या बांधावरून, हरळीच्या मुळांसकट, दोन ओंजळी माती आणा. बांधकामाच्या जागेवरचा मुरूमही एक ओंजळ आणा. बांधावरच्या मातीतली निम्मी वाफवून घ्या.

३. पहिल्या दोन कुंड्यांत एकेक मूठ बांधाची वाफवलेली माती मिसळा. पुढच्या दोन कुंड्यांत एकेक मूठ बांधाची न वाफवलेली माती. शेवटच्या दोन कुंड्यांत एकेक मूठ मुरूम.

४. प्रत्येक जोडीतल्या एका कुंडीत कांद्याचं बी पेरा, दुसरीत मुळ्याचं. कांदा किंवा कांद्याचं तयार रोप लावू नका. कांद्यात खाणं साठवलेलं असतं, आणि तयार रोप वाफ्यातली बुरशी घेऊनच आलेलं असतं. दोन्हींमुळे प्रयोग फसेल.

५. खत घालू नका. सगळ्यांना सारखं पाणी, सारखं ऊन. उगवल्यावर प्रत्येक कुंडीत तीन-तीनच रोपं ठेवा. दर रविवारी उंची आणि पानांची संख्या लिहा. मुळा झटपट वाढेल, कांद्याला मात्र दोन महिने तरी द्या. धीर धरा! माती हाताळल्यावर हात स्वच्छ धुवायला विसरू नका.

आता मुळा कशाला लावला, ते सांगा पाहू. बांधाच्या मातीत बुरशीखेरीज जीवाणूही असतात, खतही असतं. त्या मातीमुळे कांदा आणि मुळा दोन्ही जोमानं वाढले, तर श्रेय कुणाचं ते सांगता येणार नाही. पण मुळा तसाच राहिला आणि फक्त कांदा वाढला, तर संशय आपल्या कामगारावर घ्यायला जागा आहे. कारण मुळा या बुरशीला घरात घेतच नाही. मात्र हा नुसता संशय हं, पुरावा नव्हे. पुरावा हवा असेल तर शाळेतल्या बाईंना किंवा सरांना विचारा. एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मुळं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतात. रंगवलेल्या मुळात ती इवली झाडं दिसली, की मग मात्र टाळ्या!

आणि समजा काहीच फरक दिसला नाही तर? तरीही वहीत तसंच लिहा. तुमच्या बांधावर कदाचित खतच भरपूर असेल, कदाचित तिथले वाण हात आखडणारे असतील. 'फरक नाही' हेसुद्धा उत्तरच असतं. पण उंची वाढवून लिहिलीत, तर ते उत्तर नव्हे, ती थाप!

डोकं चालवा

१. शेतकऱ्यानं तीन वर्षं फक्त कोबी घेतला आणि चौथ्या वर्षी कांदा लावला. कांद्याला काय अडचण येऊ शकेल?

२. एका बुरशीच्या मांडवात दोन प्रकारची केंद्रकं आहेत. मग तो सजीव एक म्हणायचा की दोन? तुमचं उत्तर कारणासह लिहा. याचं एकच बरोबर उत्तर नाही, त्यामुळे कॉपी करून उपयोग नाही!

३. तुमच्या घराच्या किंवा शाळेच्या आसपास अशी एखादी जागा शोधा, जिथली माती गेल्या दहा-वीस वर्षांत कुणी खणलेली नाही. जुनं देऊळ, ओढ्याचा काठ, एखादा बांध. तिथं काय काय उगवतं त्याची यादी करा.

यादी करायला जाल तेव्हा मातीवर जरा जपून पाय टाका. खाली पाळी चालू आहे.